घर कोणाला देणार?

३ नोव्हेंबर, सोमवार

आमची भाड्याच्या घरांची नवी साइट एक डिसेंबरला उघडायची. ठरलं. साइटच्या मालकीण विद्याताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने गोल केला आणि शेजारी ‘पक्कं’ लिहिलं. म्हणजे त्यांनाच खात्री नाही.

सकाळभर शोध तपासला. ‘अहिल्यानगर’ टाकलं की घरं येतात. ‘अहमदनगर’ टाकलं तर अर्धीच. नुसतं ‘नगर’ टाकलं की एकही नाही, आणि लोक टाकणार तेच. शेखरला फोन केला. आमचं प्रोग्रॅमिंग तो श्रीरामपूरहून घरी बसून करतो, बुधवारी एसटीने इकडे येतो. म्हणाला, “मॅडम, तिन्ही एकच गाव आहे हे कॉम्प्युटरला कोण सांगणार?” म्हटलं, तूच.

दुपारी विद्याताईंशी वाजलं. जुन्या साइटवर घरमालकाने भरायच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे, ‘कोणाला देणार?’ लोक त्यात वाट्टेल ते लिहितात. फक्त फॅमिली. शाकाहारी. बॅचलर नको. काहीजण सरळच लिहितात, आमच्यासारखे नकोत म्हणून. विद्याताईंना नव्या साइटवर तो रकानाच नको. “आपण छापलं की ते आपणच बोलल्यासारखं होतं गं नसीम.”

मी म्हटलं, राहू द्या. त्या बघतच राहिल्या. त्यांना वाटलं होतं मी टाळ्या वाजवीन. पण लिहिलेलं असलं की मी त्या घराच्या वाटेला जात नाही. नसलं की फोन, रिक्षा, जिना, आणि मग दारात उभं राहून “नाव काय म्हणालात?” त्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

त्यांना ते पटलेलं नव्हतं.

५ नोव्हें., बुध.

संध्याकाळी घरमालक जोशीकाका वर आले. चप्पल बाहेर काढून बराच वेळ तसेच उभे. मुलगी पुण्याहून मुलांना घेऊन कायमची परत येतेय, तिला आमचा मजला द्यावा लागेल. डिसेंबरअखेरपर्यंत. “तुम्हाला काढतोय असं समजू नका हो. माझा इलाज नाही.” अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. आमच्याच घरात त्यांची समजूत आम्हीच काढली.

ते गेल्यावर माझा नवरा जावेद म्हणाला, “तुझी साइट आहे की. शोध आता.” हसला, पण दुकानातून आणलेली बॅटरी उगाच पुसत बसला.

हवंय काय: दोन खोल्या आणि हॉल, तळमजला (अम्मींचे गुडघे), लेकीची, लुब्नाची शाळा बदलायला नको, जावेदचं दुकान माळीवाड्यात म्हणजे फार लांबही नको. फार नाही मागत.

८ नोव्हें.

आज नवीन फॉर्म बाहेरच्या लोकांना पहिल्यांदा वापरायला दिला. दुपारी शनिशिंगणापूरहून एका बाईंचा फोन. भक्तांना राहायला दोन खोल्या काढल्यात, त्या टाकायच्यात, पण फॉर्म पुढेच सरकत नाही.

“ते इचारतंय मुख्य दरवाजा कोनत्या दिशेला. आमच्याकडं दारच न्हाई, दिशा कशाची लिहू?”

मी म्हटलं, तात्पुरतं पूर्व लिहा. “खोटं कशाला लिहू? इथं बसून?” बरोबर आहे, शनीच्या गावात बसून. विद्याताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेखरने तो प्रश्न सक्तीचा होता तो ऐच्छिक केला. तरी बाईंनी चौकटीचा फोटो पाठवला. छान आहे चौकट, झेंडूची माळ लावलेली.

११ नोव्हें., मंगळ.

सावेडीकडे एक घर दिसलं. तळमजला, बोअरचं पाणी, समोर लिंबाचं झाड. ‘कोणाला देणार’ रकाना कोरा. ऑफिसातूनच फोन लावला. गृहस्थ चांगले बोलले. माणसं किती, नोकरी कुठे, गाडी आहे का. “उद्या सकाळीच येऊन जा ना.” मग नाव लिहून घ्यायला विचारलं.

नसीम शेख.

“हां... अहो, मिसेसने कोणाला तरी शब्द दिलाय वाटतं. विचारून सांगतो.”

विद्याताईंना एवढंच म्हटलं की ते घर गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आपला मोबाइल उचलला आणि तोच नंबर लावला. “नमस्कार, मी विद्या कुलकर्णी. घर आहे का अजून?” आहे की. केव्हा येता?

त्यांनी फोन ठेवला तेव्हा चेहरा लालबुंद. “याची जाहिरात आत्ताच्या आत्ता काढते.” म्हटलं, काढू नका. काढून काय होणार, घर त्याचंच राहणार.

जावेदला नाही सांगितलं. अम्मींना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “चलो, रिक्षा तो बची.”

१२ नोव्हें., बुध.

गंमतच. सकाळी आत शिरताच विद्याताई म्हणाल्या, “तुझंच बरोबर होतं. रकाना ठेवू. लिहू देत काय लिहायचं ते, निदान माणसाला आधी कळेल.”

आणि मी नेमकं उलटं ठरवून आले होते. काल संध्याकाळी घरी जुनी साइट उघडून बसले होते, एकामागून एक घरं बघत. लुब्ना शेजारी येऊन बसली, आठवीत आहे, सगळं वाचते. “मम्मी, हे नको म्हणजे आपणच ना?” मी पान पटकन वर सरकवलं. पण मी असं किती पानं सरकवणार. माझ्याच साइटवर, माझ्याच मुलीने, ते वाचायला नको.

म्हणजे आता त्या म्हणतात ठेवू, मी म्हणते काढू. शेखर भेळेचा कागद घेऊन मध्ये बसलेला. “मागच्या आठवड्यात तुम्ही दोघी उलट बोलत होतात ना? तुमचं ठरलं की सांगा, मी तोवर फोटो लहान करतो.”

१४ नोव्हें.

ठरलं. कोणाला सुचलं ते सांगता येणार नाही, डबा खाता खाता अर्धं त्यांनी म्हटलं, अर्धं मी.

‘नको’ लिहायला जागाच नाही. फक्त एक खूण, ‘कोणीही चालेल’. ज्याला करायची त्याने करावी. केली की त्या घरावर हिरवी पट्टी येईल, आणि घर शोधणाऱ्याला फक्त हिरवी घरं बघायची असली तर तशी बघता येतील. खूण नाही केली तर काही लिहून येणार नाही.

शेखरला आवडलं. हिरवा नेमका कोणता यावर विद्याताईंनी त्याला छळलं. एक पोपटी दिसला, एक शेवाळ्यासारखा. शेवटी कोवळ्या कैरीचा.

भीती एवढीच की खूण कोणी केलीच नाही तर? रिकामं पान दाखवायचं लोकांना?

१९ नोव्हें., बुध.

दोन दिवस फोन, फोन, फोन. जुन्या सगळ्या मालकांना विचारायचं की ही नवी खूण तुमच्या घराला लावू का. अर्धे विद्याताईंकडे, अर्धे माझ्याकडे.

एकाने ऐकून फोन ठेवला. एक म्हणाले, आम्हाला चालेल हो, पण सोसायटीवाले... एका बाईंनी मलाच विचारलं, “तुमचं आडनाव काय?” सांगितलं. “मग तुम्ही असंच म्हणणार.” थँक्यू म्हटलं आणि ठेवला.

भिंगारचे निवृत्त शिक्षक: “बाई, भाडेकरू भांडी घासताना नळ चालू ठेवतो का एवढं सांगा, बाकी कोणी का असेना.” लावली खूण.

श्रीरामपूरच्या एक सिस्टर, हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या, वरची खोली द्यायचीय. त्या म्हणाल्या, “बदली होऊन आले तेव्हा मला लोक विचारायचे, तुम्ही चर्चला जाणाऱ्या ना, मग राहू दे. लाव बाई खूण. मोठी लाव.”

विद्याताईंचा आवाज बसलाय. गरम पाणी पितात आणि पुढचा नंबर लावतात. आपल्या माणसांना समजवायला आवाज जास्त लागतो म्हणाल्या.

२२ नोव्हें.

एजंट काळे आले होते. साइटवरची जवळजवळ निम्मी घरं त्यांच्याकडून येतात. खुर्ची ओढून बसले, पेढे आणलेले. नवीन साइट फिरवून पाहिली, कौतुक केलं. मग हिरव्या पट्टीवर बोट ठेवलं. “हे काढा मॅडम. माझे मालक विचारतात, आमच्या घराला पट्टी नाही म्हणजे आम्ही वाईट का?”

विद्याताई म्हणाल्या, तसं आम्ही कुठे लिहिलंय?

“लिहायला कशाला पाहिजे. दिसतंय की.” मग माझ्याकडे वळून, मऊ आवाजात, “तुमच्यासाठी मी शोधतो ना घर, ताई. मुकुंदनगरला भरपूर आहेत.”

मुकुंदनगर म्हणजे आमच्याच लोकांची वस्ती. वाईट नाही, माझी आत्या राहते तिथे. पण लुब्नाची शाळा दुसऱ्या टोकाला. आणि मला भरपूर घरं नकोत, एकच पाहिजे.

पेढे तसेच राहिले. अम्मींसाठी घेऊन आले शेवटी, वाया कशाला.

२६ नोव्हें., बुध.

काळ्यांनी सगळी घरं काढून घेतली. सकाळी उघडून पाहिलं तर केडगाव ओसाड, सावेडीत मोजकी. शेखरला आधी वाटलं त्याच्याकडूनच पुसली गेली, बिचारा घामाघूम झाला.

२८ नोव्हें.

आज मीच कच खाल्ली. म्हटलं, विद्याताई, एक महिना पट्टी लपवून ठेवू या का? साइट उघडू दे, रुळू दे, काळे परत येऊ देत, मग आणू. माझा पगार, शेखरचा, सगळं यावरच आहे.

त्या चष्मा पुसत होत्या. “एक महिन्याने तू कुठे राहणार आहेस?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“त्या माणसाने मला लगेच या म्हटलं, नसीम. माझं नुसतं आडनाव ऐकून. मला रात्रंदिवस तेच आठवतंय.” चष्मा घातला. “नाही लपवायची.”

घरी येताना जावेदला दुकानात सगळं सांगितलं. सावेडीच्या घराचंही. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “फोन करताना नाव आधी सांगत जा. वेळ वाचतो.” मग मला बसस्टँडवर वडापाव खायला घेऊन गेला. बऱ्याच दिवसांनी दोघेच होतो.

१ डिसेंबर, सोमवार

उघडली!

नारळ विद्याताईंनी फोडला, तीन दणक्यांत, पाणी कीबोर्डवर. आजच्यासाठी मुद्दाम आलेला शेखर ओरडला. पहिल्या तासात फोटो आडवे दिसत होते, बाथरूम भिंतीवर चढलेलं. दुरुस्त झालं. ‘नगर’ टाकलं की घरं येतात. मी उगाच पुन्हा पुन्हा टाकून पाहिलं.

घरं कमी आहेत. ते झाकत नाही. पण दुपारपासून फोन सुरू झाले. श्रीगोंद्याहून एक काका, मुलगी नर्सिंगला आहे नगरला, तिच्यासाठी खोली हवी. “पोरगी एकटी हाय म्हनलं की लोक फोन ठिवत्यात. ते हिरवं हाय ना, त्यात माझी पोरगी बसती का?”

म्हटलं, बसते.

“मग लई बेस.” आणि जरा थांबून, “आमची पन गावात एक खोली रिकामी हाय. टाकू का? त्याला बी लावा हिरवं.”

नारळाचे तुकडे साखर घालून सगळ्यांना वाटले. खालच्या झेरॉक्सवाल्यालाही.

३ डिसें., बुध.

सकाळी काळ्यांचा माणूस चौकशी करून गेला. किती लोक बघतात, कोणती घरं उघडतात. विद्याताईंनी त्याला चहा दिला, आकडे नाही दिले.

दुपारी केडगावचं एक नवीन घर आलं. तळमजला, दोन खोल्या, हॉल, मागे अंगण. हिरवी पट्टी मालकांनी स्वतःच लावलेली, आमच्यापैकी कोणी फोनही केला नव्हता. मी खुर्चीत नीट बसले आणि नंबर लावला. “नमस्कार, मी नसीम शेख बोलतेय.”

“हां बोला. माणसं किती?” बाई होत्या. मागे कुकरची शिट्टी. चार म्हटलं. “सासूबाई असतात का घरी दिवसभर? मग बरं, मी पण एकटीच असते.” पुढे भाडं, पाणी, मोटरची वेळ. नावाचं काहीच नाही. मीच वाट बघत होते, आता विचारतील, आता. रविवारी या म्हणाल्या, अकराला. सकाळी अजून एक जण बघायला येणार आहेत. आधी येईल त्याचं नाही, पटेल त्याचं, असंही म्हणाल्या.

विद्याताईंनी नोंदी उघडल्या. ते दुसरं कुटुंबही आपल्याच साइटवरून गेलंय. नवरा-बायको, लहान बाळ, पाथर्डीकडचे. हिरव्या घरांतच शोधत होते. का ते लिहिलेलं नाही.

“त्यांना भिंगारचं दाखवू का आधी?” विद्याताई हळूच म्हणाल्या. “चांगलं आहे तेही. फोन करून सुचवते फक्त.”

मला मोह झाला. मग शिंगणापूरच्या बाई आठवल्या, “खोटं कशाला लिहू?”

नको म्हटलं. बघू देत त्यांना. घर त्यांनाही हवंच आहे.

जावेद रविवारी दुकान उशिरा उघडणार आहे. लुब्ना विचारतेय, अंगण केवढं आहे. फोटोत नीट दिसत नाही.