‘पुढे कोण झालं?’ या प्रश्नाची व्यवस्था

दिवंगत पत्नीस,

मृत्युपत्र गेलेल्या माणसाला उद्देशून लिहायचे नसते, असे वकिलांनी मला दोनदा समजावले. तरी हा पहिला परिच्छेद तुझा. बेचाळीस वर्षे माझे प्रत्येक पत्र तू आधी वाचलेस आणि "किती ताठ लिहिता हो" म्हणालीस. हेही ताठच झाले आहे. पुढचे कायद्यासाठी.

मी, खाली सही करणार, वय बहात्तर, पदवीधर, छापखान्यातून निवृत्त झालेला मुद्रितशोधक, आज पूर्ण शुद्धीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की आग्रह केलेला नाही. आग्रह करणारी व्यक्ती अकरा महिन्यांपूर्वी गेली. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी दाखवल्यास ते खोटे समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीस मिळावी. तिने घर विकल्यास माझी हरकत नाही. मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी आधी वर उचलावी लागते, हे घेणाऱ्यास सांगावे.

२. माझे शब्दकोश व भिंग छापखान्यास द्यावे. तांबड्या शाईचे पेन कोणासही देऊ नये. कारण कलम ५ मध्ये येईल.

३. माझ्या मेहुण्यास काहीही नाही. पत्नीच्या कामाला त्याने भर पंगतीत ‘रिकामटेकड्या बायकांची शाळा’ म्हटले होते, आणि शोकसभेत मात्र ‘ताईचे नेतृत्व’ या विषयावर तो पंचवीस मिनिटे बोलला. त्या भाषणाची टिपणे तो आमच्याकडे विसरला आहे. ती त्याला पोहोचती करावीत.

४. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पत्नीने वाचनकक्ष चालवला. अर्ज कसा लिहावा, सभा कशी चालवावी, सरकारी कागदाची नक्कल कशी मागावी, याची तिने तयार केलेली पुस्तिका आणि एकोणीस वर्षांच्या पाहणीची तेराशे चाळीस कार्डे तेथे आहेत. प्रत्येक कार्डावर एक रहिवासी आणि एकच प्रश्न: ‘गल्लीत अडचण आली तेव्हा पुढे कोण झालं?’ उत्तर ज्याच्या त्याच्या शब्दांत. ज्याचे नाव पुन्हा पुन्हा येई, त्याच्याकडे जाऊन ती पुढच्या शनिवारची सभा सोपवीत असे. ते नाव बहुधा खुर्चीवरच्या माणसाचे नसे.

शेजारच्या शिलाईवाल्या बाईंचे नाव अकरा कार्डांवर आले. दवाखाना बंद होणार होता तेव्हा त्यांनीच दारोदार फिरून बायकांना कचेरीत नेले होते. तरी त्या मागे सरल्या. "मला कुठे चारचौघांत बोलता येतं?" पत्नी म्हणाली, "बोलू नका. कोण बोललं नाही तेवढं बघत जा." त्यानंतर सात वर्षे सभा त्यांनीच चालवल्या.

५. पत्नी अंथरुणाला खिळल्यावर शेवटच्या पाहणीची प्रश्नावली टंकलेखनासाठी माझ्याकडे आली. तिला न विचारता मी तिचा प्रश्न तांबड्या शाईने ‘सुधारला’. ‘नेतृत्व कोणी केले?’ असे केले. दोनशे बारा घरांतून उत्तरे आली. त्यांपैकी एकशे नव्वद घरांनी एकच नाव लिहिले होते: गल्लीच्या मंडळाचे जुने अध्यक्ष, जे गुडघ्यांमुळे चार वर्षे जिना उतरलेले नाहीत.

उत्तरांचा गठ्ठा तिने पांघरुणावर ठेवला आणि म्हणाली, "माणसं इतकी बदलली का हो?"

मी म्हणालो, "बदलली असतील."

प्रश्नावली तिने पाहिली नव्हती. ती माझ्या हातात होती. नऊ दिवसांनी पत्नी गेली. एकोणीस वर्षे फुकट गेली असे समजून गेली. माझा हा अपराध मी स्वखुशीने नोंदवीत आहे.

६. एका संशोधन संस्थेस तीच शेवटची पाहणी, टंकलिखित व नीटनेटकी म्हणून, पत्नीच्या नावाने छापायची आहे. ‘सामान्य रहिवासी पुढाकार घेत नाहीत’ असा निष्कर्ष त्यांनी काढून ठेवला आहे. कलम ५ पहिल्या पानावर शब्दशः छापण्याचे कबूल केल्याशिवाय त्यांना छपाईची परवानगी देऊ नये. मूळ कार्डे व पुस्तिका शिलाईवाल्या बाईंना द्यावीत. त्यांनी त्याच दोनशे बारा घरी जाऊन पत्नीचाच प्रश्न पुन्हा विचारावा. त्यात कोणी काना-मात्रेचाही बदल करू नये.

७. हा मसुदा मी मुलीस फोनवरून वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाबा, हे तुम्ही गेल्यावर कशाला? आईचं नाव आत्ताच सोडवा ना." म्हणून कलम ६ आजपासूनच लागू समजावे. वकील म्हणतात, याला मृत्युपत्र म्हणत नाहीत. काय म्हणतात ते त्यांनी पाहावे.

अंमलबजावणी मुलीने करावी. शिलाईवाल्या बाई लाभार्थी असल्याने त्यांना साक्षीदार करता येत नाही, असे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "मग मी नुसती उभी राहते." त्या उभ्या राहिल्या.

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
(सही) कोपऱ्यावरचे औषधविक्रेते
(सही) निवृत्त पोस्टमन, दुसरा मजला

(सही) मृत्युपत्र करणार

स्थळ: वाचनकक्ष, तळमजला
दिनांक: ३ मार्च २०१८, शनिवार

नोंद: पत्नी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, सामानाची यादी करायची या सबबीवर, मी या खोलीच्या दोन्ही किल्ल्या शिलाईवाल्या बाईंकडून मागून घेतल्या होत्या. यादी केली नाही. सभाही झाल्या नाहीत. आज सह्या झाल्यावर कार्डांच्या पेट्या बाईंच्या घरी पोहोचवल्या, खोलीला कुलूप लावले आणि दोन्ही किल्ल्या त्यांना परत केल्या.