मालकाचे कान

वडीगोद्री,
दि. ३ सप्टेंबर २०२४

चि. आकांक्षा हिला काकाचे अ. उ. आ.

वि. वि. पत्र पाहून हसू नको. फोन आहे, चांगला मोठ्या काचेचा आहे. पण आपल्या कापसाच्या जिनिंग मिलच्या ऑफिसला पत्र्याच्या भिंती. मी इकडं हॅलो म्हणलो की तिकडं सरकीच्या ढिगावरून कुणीतरी उत्तर देतं. आणि मला बोलायचंय ते त्यांच्याचबद्दल. शिवाय फोनवर तू नुसतं हो काका, हो काका करतेस. कागदावर तसं करून दाखव.

बातमी अशी की जुन्या मशीन गेल्या. आपले भागीदार सुरजमलशेठ, त्यांचा नातू हर्ष इंजिनिअर होऊन आला आणि त्यानं नवीन मशीन बसवली. आता कापूस पाइपातून आपोआप ओढला जातो, पट्ट्यावरून जातो, मशीनीत पडतो. टोपलीनं कापूस टाकायचं काम संपलं. ते काम करणाऱ्या उषाबाईच्या टोळीतल्या बाया मात्र संपल्या न्हाईत, त्या रोज सकाळी दारात उभ्या आहेत.

पॅनल बघायला, पट्टा बघायला, रुई तपासायला माणसं लागणारच. दोन पाळ्या धरल्या तर सगळ्या बायांना काम पुरतं, पण शिकल्या तर. शेठ म्हणतात, कल्याणराव, बाहेरून तयार ऑपरेटर आणू, झंझट कशाला. मी म्हणलो, दसऱ्यापर्यंत थांबा. त्या दिवशी हंगामाच्या मुहूर्ताला माझ्या बायांनी मशीन चालवली तर त्या राहतील, न्हाई तर तुमचे ऑपरेटर. उषाबाईनं मला सरळच विचारलं, मालक, यंदा मिल का कोयता तेवढं सांगून टाका. मिल सुरू झाल्यापासून ती ऊसतोडीला गेली न्हाई. तिच्या घरातला कोयता गंजला म्हणे. तो गंजलेलाच बरा.

तू पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांत लोकांना नवीन काम शिकवतेस. मंग घरच्या कंपनीलाही थोडं सांग. मला स्वतःला शिकवायची गरज न्हाई, हे तू जाणतेसच. मी हमाली करत मशीनीशेजारी झोपलेला माणूस. खुर्चीत बसून डोळे मिटले तरी तिसऱ्या मशीनीचा रूळ कोरडा चाललाय हे मला ऐकू येतं. आपला फिटर तातेराव अजून म्हणतो, मालकाच्या कानात तेल न्हाई, ग्रीस आहे.

बाकी खुशाल. लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नको.

तुझा
कल्याणकाका

*

पुणे,
दि. ८ सप्टेंबर २०२४

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमन माझ्याकडे असा बघत होता, जणू मी कोर्टाची नोटीस घेतेय. बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, कल्याणला काही महाग करायचं असलं की तो पत्र लिहितो. तुमचा सख्खा भाऊ आहे, मी काय बोलणार?

आता कामाचं. हर्षला सांगा, पडद्यावर चित्रं दाखवून भाषण करू नको. बायांना मशीनपाशी न्यायचं आणि हात लावू द्यायचा. चुकू द्यायचं. समजलं का असं विचारायचं नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. समजलं ते करून दाखवा म्हणायचं. आणि एक काम सगळ्याजणींना आलं पाहिजे. एकीचं लेकरू आजारी पडलं म्हणून मशीन बंद, असं नको.

एक सांगायचं राहतंय. हे सगळं चाललं असताना तुम्ही कुठे बसणार आहात, ते कळवा.

गणपती बसले. मोदक मी केले, फुटले, तरी खाल्ले गेले. माया आहे तशी चालू ठेवा, मध्ये खंड नको.

तुमची
आकांक्षा

*

वडीगोद्री,
दि. १७ सप्टेंबर २०२४

चि. आकांक्षा, अ. उ. आ.

मी कुठं बसणार म्हणजे काय? माझ्या खुर्चीत! ऑफिसच्या दारात, जिथून सगळं दिसतं आणि त्याहून जास्त ऐकू येतं.

तू सांगितलं तसंच केलं. हर्ष पोरगा गोड आहे, बायांना मावशी म्हणतो. त्यानं पॅनल उघडून दाखवलं, हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे बंद करा. मोठं लाल बटण, दाबलं की सगळं थांबतं. प्रत्येकीकडून दाबून घेतलं. सगळ्या बराबर करत होत्या. मी खुर्चीतून मान डोलवत होतो.

मंग काल मागचा थोडा जुना कापूस टाकून ट्रायल घेतली. शेठ जालन्याहून मुद्दाम आले. सुरुवात झकास. जरा वेळानं पट्ट्यावर कापूस साचायला लागला. पिवळा दिवा लागला. लाल लागला. आणि पोरी, एकीनंही बटण दाबलं न्हाई! उषाबाई पॅनलसमोर उभी, हात बटणापासून वीतभर, आणि तोंड माझ्याकडं. सगळ्याच जणी माझ्याकडं पाहून राह्यल्या. मशीन चोक झाली, कापूस छताला लागला, तातेरावाच्या डोक्यावर पांढरा फेटा बसला. मला नवीन मशीनीचा आवाजच कळंना. ती जुन्यासारखी बोलत न्हाई, नुसती गुणगुणते. लाल दिवा दिसला तेव्हा ओरडलो. तेव्हा तिनं दाबलं.

हर्ष चिडला. मावशी, दिवा दिसत नव्हता का, असं विचारत होता. ती म्हणली, दिसला की, पण मालकाची हाक कुठं आल्ती? आता तिचंही खरं आहे. आपल्याकडं पहिल्यापासून रीतच आहे, मालकाच्या हाकेशिवाय चालती मशीन बंद होत न्हाई. मी चोक होण्याआधीच ऐकतो आणि हाक मारतो.

शेठांनी सदऱ्यावरचा कापूस झटकला. जाताना फक्त म्हणले की ऑपरेटरांना सांगून ठेवतो. उषाबाईनं ते ऐकलं. संध्याकाळी ती डबा न उघडताच घरी घेऊन गेली.

मला वाटतं बायांचं वय झालं, डोक्यात जात न्हाई. तू काहीतरी सोपं सांग. जल्दी सांग.

लोभाचा दिवा हिरवा आहे, तसाच राहू दे.

कल्याणकाका

*

पुणे,
दि. २१ सप्टेंबर २०२४

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि आता जे लिहिते ते लहान तोंडी मोठं आहे. रागवायचं असेल तर पत्र संपल्यावर रागवा.

बायांच्या डोक्यात सगळं गेलंय. दिवा कळला, बटण कळलं. हात वीतभरावर थांबला तो तुमच्यामुळे. इतकी वर्षं तुम्ही त्यांच्या वाटचं ऐकत आलात, त्यामुळे त्यांना ऐकायची कधी गरजच पडली नाही. रीत तुम्ही घातलीत आणि ती त्यांनी इमानानं पाळली. उषाबाईंनी त्या दिवशी चूक केली नाही, तुमचा शब्द मोडला नाही. आणि आता अशी मशीन आलीय जी तुमच्या कानाशी बोलत नाही. म्हणजे हाक मारणारा मालक गेला आणि हाकेची वाट बघणाऱ्या बाया राहिल्या.

काका, उपाय सोपाच विचारलात ना? तुम्ही मिलमधून जा. सोनूआत्याकडे आष्टीला जा, दोन आठवडे. मात्र जाण्याआधी सगळ्यांना गोळा करा आणि तुमच्या तोंडानं सांगा की लाल बटण आता बायांचं आहे, विचारायचं नाही, चुकून दाबलं तरी कुणी बोलणार नाही. हर्षनं सांगून चालणार नाही. रीत ज्यानं बांधली त्यानंच सोडायला हवी.

बाबा म्हणतात, कल्याण दोन आठवडे मिलबाहेर राहिला तर मी मिशी काढीन. त्यांची मिशी जावी अशी आईची फार वर्षांची इच्छा आहे.

राग आला तरी लोभ कमी करू नका. दोन्ही एकत्र राहू शकतात.

आकांक्षा

*

आष्टी,
दि. २७ सप्टेंबर २०२४

चि. आकांक्षा, आ.

‘अनेक उत्तम’ मुद्दाम गाळलंय. राग आहे म्हणून.

तू लिहिलंस ते सांगून टाकलं. खुर्चीवर चढून सांगितलं, आवाज जावा म्हणून. बाया एकमेकींकडं पाहत होत्या. उषाबाईनं विचारलं, मालक, मंग तुम्ही काय करणार?  म्हणलो, आष्टीला चाललो. तिनं विचारलं, तब्येत बराबर आहे न्हवं?

इथं माझ्या मोठ्या बहिणीनं, म्हणजे तुझ्या आत्यानं, आल्या आल्या फोन काढून घेतला आणि तांदळाच्या डब्यात टाकला. सोनूबाईच्या राज्यात माणूस फक्त जेवतो आणि आडवा होतो. पितृपंधरवडा आहे, रोज कुणाकडंतरी जेवण. मी इतकं जेवलोय की मला पाहून कावळेही मागं सरतात.

काल शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफट करून राह्यलता. राहवलं न्हाई, गेलो आणि म्हणलो, बंद कर, तुटंल. गिरणीवाला बबलू म्हणला, काका, अर्धं पोतं राह्यलंय, मला माहीत आहे तो किती टिकतो. मी तिथंच उभा राह्यलो. पोतं संपलं, पट्टा टिकला. सोनूबाईनं हे ऐकून तीन घरी सांगितलं.

मिलचं काही कळत न्हाई. तू तिकडं जाणार असशील तर लिही, आणि आष्टीच्या जीपवाल्याच्या हाती दे. तुझ्या बाबाला, भारतला सांग, वस्तरा काढून ठेव.

लोभ उपाशी ठेवू नको. माझं पोट भरलंय, लोभाचं न्हाई.

कल्याणकाका

*

वडीगोद्री,
दि. ३० सप्टेंबर २०२४

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

शनिवारी आले, आज निघतेय. जीपवाला हॉर्न वाजवतोय, म्हणून अक्षर असं.

पहिले दोन दिवस बाया तुमच्या रिकाम्या खुर्चीकडेच बघायच्या. हर्षनं सांगितलं. मग उषाबाईंनी खुर्ची उचलली आणि सरकीच्या ढिगामागे नेऊन ठेवली. त्यानंतर सगळ्याजणी उलट्या टोकाला गेल्या. काहीही झालं की लाल बटण! कबूतर बसलं, बंद. तातेराव शिंकले, बंद. हर्षनं दात आवळून धरले, पण तुमचा शब्द राखला, एकदाही बोलला नाही. प्रत्येक वेळी कशासाठी बंद केली एवढंच विचारायचा. सांगता सांगता त्यांनाच उमजत गेलं की कशाला थांबायचं आणि कशाला नाही. आता उगाच बंद होत नाही. पॅनलवरही आळीपाळीनं सगळ्याजणी बसतात.

आणि दिव्यांना नावं पडलीत. हिरवा म्हणजे सासू झोपली. पिवळा म्हणजे तातेराव, कुरकुर करणार पण लक्ष ठेवलं की पुरे. लाल म्हणजे काय ते विचारा. लाल लागला की एकजण ओरडते, मालक बोंबलले! आणि दुसरी बटण दाबते. मी पोट धरून हसले. तातेराव मात्र रुसलेत. लाल दिवा मला का नाही म्हणतात.

पण खरी गोष्ट बाकी आहे. मी उषाबाईंना म्हटलं, मुहूर्ताला असंच करायचं. त्या म्हणाल्या, ताई, मुहूर्ताची मशीन रुईची पहिली गाठ बांधेपर्यंत थांबत न्हाई, थांबली तर वर्ष वाईट जातं. त्या दिवशी सगळं गाव असतं, शेठ असतात, मालक असतात. त्या दिवशी लाल लागला तर?  याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर तयार ठेवा.

हॉर्न फारच वाजतोय. लोभ जीपच्या टपावर ठेवलाय, उतरवून घ्या.

आकांक्षा

*

वडीगोद्री,
दि. १४ ऑक्टोबर २०२४

चि. आकांक्षा हिला काकाचे अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी भारतच्या मिशीची हकीकत कळव. मी दोन आठवडे पुरे करून आलो, सोनूबाई साक्षीला आहे.

आता मुहूर्ताचं. दसऱ्याला मांडव, झेंडूची तोरणं, पेढे, सगळं झालं. सुरजमलशेठ नवा फेटा बांधून आले, त्यांच्या पत्नी तारादेवी वहिनी कुंकवाचं ताट घेऊन. मी नारळ फोडला, हर्षनं मान डोलवली, उषाबाईनं मशीन चालू केली. मी तुझं पत्र खिशात घेऊन उभा होतो, पण उत्तर काही सापडलं न्हवतं. ती रीत मीही मानतो ना.

मशीन छान गुणगुणत होती. रुई अशी पडत होती की शेठांनी मुठीत घेऊन मला दाखवली. आणि एकदम सगळं थांबलं.

पोरी, मुहूर्ताला इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली न्हवती. वहिनींचा कुंकवाचा हात ताटावरच राह्यला. कुणीतरी मागून अरेरे म्हणलं. आणि सगळं गाव, जुन्या सवयीनं, माझ्याकडं वळलं. एक उषाबाई सोडून. तिची पाठ होती आमच्याकडं. ती पट्ट्याखाली वाकलेली.

हर्ष धावला. रुळाला बारदानाचा तुकडा गुंडाळला होता आणि रूळ तापला होता. त्यानं हात लावला आणि झटक्यानं मागं घेतला. आणखी थोडं चाललं असतं तर रुईनं पेट घेतला असता, आणि त्या मांडवात मंग काय उरलं असतं ते लिहीत न्हाई. पिवळा दिवा लागल्यावर तिनं लालची वाट पाह्यली न्हाई. बटण दाबलं. माझ्या कानाला, आकांक्षा, काही म्हणजे काही आलं न्हवतं.

शेठ माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणले, कल्याणराव, अब क्या? चालू कधी करायची? मी म्हणलो, मला काय विचारता, तिला विचारा. मंग वाटलं, आपणच विचारावं. सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारलं, उषाबाई, मशीन चालू कधी करायची? ती वाकलेलीच होती. वळूनही न पाहता म्हणली, थांबा जरा मालक, पुसून राह्यले. आणि मी थांबलो. शेठही थांबले, फेट्यासकट. अख्खं गाव थांबलं.

झाल्यावर ती हात पुसत आली आणि डब्याच्या पिशवीतून नारळ काढून माझ्या हातात दिला. सोललेला, शेंडी ठेवलेला, तयार. हायवेच्या दुकानातून सकाळीच घेतल्ता म्हणे. म्हणली, मालक, रात्रभर डोक्यात तेच होतं, थांबवायची पाळी आली तर काय करायचं. मंग म्हणलं, थांबली तर पुन्हा मुहूर्त करू, त्यात काय.

इतकी वर्षं मी मुहूर्त करतो, दुसरा नारळ आणावा हे मला कधी सुचलं न्हाई. मी तो फोडायला दगडाकडं वळलो, तर शेठांनी माझा हात धरला आणि नारळ तिच्या हातात दिला. एका घावात फुटला. पहिली गाठ दुपारी बांधून झाली.

शेठांचे ऑपरेटर आता येत न्हाईत. दुसरी पाळी येत्या सोमवारपासून. कोयता तातेरावानं मागून नेलाय, पट्टा साफ करायला त्याचा खुरपा करून देतो म्हणतो.

माझी खुर्ची अजून सरकीच्या ढिगामागंच आहे. तिथं काही ऐकू येत न्हाई. झोप मात्र फार चांगली लागते.

लोभ चालू ठेव. थांबला, तर दुसरा नारळ आहे.

तुझा
कल्याणकाका