कमी बजेटचा सूड

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी सिनेमात गेली. इथल्या, आखातातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला परीक्षण हवंय आणि संपादक शिवांगी — तिला नाही म्हणता येत नाही. ब्रिटिश सूडकथा, अगदी कमी खर्चात केलेली. एक लॉरी ड्रायव्हर भावाच्या तीन मारेकऱ्यांना शोधून संपवतो. नवरा, प्रशांत, नाइट शिफ्ट करून आलेला, पहिल्या खुनाआधीच झोपला.

५ ऑक्टोबर, रविवार

आठवड्याचा पहिला दिवस. ऑफिसात स्टोअर्स सुपरवायझरच्या जागेसाठी मेलवर अर्ज आलेत, ते मीच यादी करून मॅनेजरकडे पाठवायचे. अकरावा सदानंदचा. तोच! सहा वर्षांपूर्वी दोघं एकाच कंपनीत होते, चूक याची, आणि रिपोर्टमध्ये नाव घातलं प्रशांतचं. प्रशांतची चांगली नोकरी गेली, तेव्हापासून तो गोदामात रात्री जागतोय. आणि हा दर गणपतीत समोर, "वहिनी, प्रसाद घेतलात का?" मीही हसून हात पुढे करते. इथे मराठी माणसं मोजकी, तोंड फिरवून जाणार कुठे?

अर्जासोबतच्या पत्रात लिहिलंय, व्हिसा महिनाअखेरीस संपतोय. मुलगी दहावीला, इथेच ईसा टाउनच्या शाळेत.

त्याचा मेल मॅनेजरकडे पाठवला नाही. बाकी काही केलं नाही.

७ ऑक्टोबर

परीक्षण लिहिलं. चांगलं काय — नायकाचा चेहरा. गाडी बंद करून तो तीन मिनिटं नुसता बसतो, तेव्हा माझाही श्वास अडकला. पैसा नाही म्हणून पाठलाग नाहीत, एकच पब तीनदा दाखवलाय, पण ते ओलं गाव खरं वाटतं. वाईट काय — संवाद पुटपुटल्यासारखे. बायका फक्त रडायला आणि मरायला. खलनायकांना घरदारच नाही. नायक कधी कामावर जात नाही, सकाळी उठून कुणाचा डबा भरत नाही. आणि शेवट उरकलेला. तिसरा मेला की सिनेमा संपला! घरी जाऊन हा माणूस करतो काय, ते कोण दाखवणार?

शिवांगीचा फोन. "निवेदिता, दिवाळीचा अंक आहे गं, जरा गोड लिही." शेवटची दोन वाक्यं काढून टाकली.

८ ऑक्टोबर

दमलेय. मेल अजून तिथेच. उद्या यादी बंद.

९ ऑक्टोबर, गुरुवार

यादी गेली. दहा नावं. सदानंद नाही.

वाटलं होतं, बरं वाटेल. घरी येऊन आडवी झाले, तर प्रशांत निघायच्या तयारीत. "जेवून घे," म्हणाला आणि गेला. सहा वर्षं आमचं बोलणं एवढंच. हे सगळं सदानंदमुळे, असं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी चहाला प्रशांत म्हणाला, "सदानंदचा अर्ज आला ना? मीच टाकायला सांगितला. मागच्या महिन्यात येऊन रडला गं, सगळं कबूल केलं. म्हटलं, खलास, झालं गेलं. तुला सांगायचं राहूनच गेलं. घाबरला होता बिचारा. मी म्हटलं, तिथे निवेदिता आहे, तू काळजी करू नको."