रांजणावरचं झाकण

आप्पा, आज एका हत्तिणीनं पाणी पिऊन झाकण परत जागेवर ठेवलं. माझ्या डोळ्यांदेखत ठेवलं! तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सगळ्यात आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. तुमची पोरगी हत्तींच्या अकलेचा अभ्यास करते हे ऐकून चाकुरातले लोक अजून हसतात. हसू देत. त्यांना आपल्या दुकानापुढचा रांजण कुठं आठवतोय?

लातूर नवा जिल्हा झाला ते वर्ष. तिकडं मिरवणुकीसाठी लांबून हत्तीण आणलेली आणि इकडं आडात पाणी नाही, टँकर आला की घागरींची हाणामारी. मिरवणूक संपवून माहूत परत निघाला, पण हत्तिणीच्या पायाला फोड आला म्हणून आपल्या दुकानासमोरच्या लिंबाखाली थांबला. तुम्ही वाटसरूंसाठी भरून ठेवलेला रांजण तिथंच. वर लाकडी झाकण, शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून त्यावर वीट. कुणी पाणी पिऊन तसंच निघालं की तुम्ही भस्म लावलेल्या कपाळाला आठ्या घालून गल्ल्यावरूनच ओरडायचात, "ओ पाव्हणे, झाकण काय तुमचा आजा ठेवणार का?" दिवसभर हेच. हत्तीण कान हलवत ऐकत उभी असायची.

मग रांजण रिकामा व्हायला लागला. झाकण जागेवर, वीट जागेवर, आत थेंब नाही. सगळ्यांनी माहुताला धरलं. जनावर पाणी पितं, पण पिऊन झाकण थोडंच ठेवतं? तो बिचारा हात जोडून म्हणून राहिला होता, "कसम से शेठ, मैं नहीं लिया." लोक म्हणाले, आत्ताच्या आत्ता याला गावाबाहेर काढा. त्या उन्हात, तसल्या पायानं, ती हत्तीण पुढच्या गावापर्यंतसुद्धा पोचली नसती. मी तुमचं धोतर धरून भोकाडच पसरलं. तुम्ही माहुताला सगळ्यांसोबत समोरच्या पिठाच्या गिरणीत बसवलंत आणि घरातल्या दोन घागरी रांजणात ओतल्यात. आई दारातून कडाडली, "हाव, ओता! सैपाक आता तुमच्या हत्तिणीलाच सांगा!"

आपण दोघं शेंगदाण्याच्या पोत्यांमागं दडलो. "तोंडातून आवाज काढायचा न्हाई," असा तुम्ही मला दम दिलात. बाहेर दुपारची सामसूम. हत्तिणीनं वीट अलगद उचलून खाली ठेवली, झाकण काढलं, पाणी प्यायली. मग, आप्पा, ते मी जन्मात विसरणार नाही, तिनं झाकण परत ठेवलं, सोंडेनं चाचपून नीट सरकवलं आणि वर वीट! मला दम देणारे तुम्हीच उठून ओरडलात, "शाब्बास गं बाई!" सगळी गल्ली पळत आली. हसून हसून तुमच्या डोळ्यांत पाणी. माहुताला चोर म्हणणारेच मग तिच्यासाठी घागरी आणू लागले. पाय बरा होईपर्यंत ती तिथंच राहिली.

"आप्पा, तिनं झाकण कामून ठेवलं?" मी विचारते आहे. तुम्ही गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवता आणि म्हणता, "तिलाच इचार."

"कसं इचारू?"

"शिकून ये."

शिकले, आप्पा. झाकणं काढणारे हत्ती लई पाहिले, परत ठेवणारा एक नाही. मग मला वाटलं, ती तुमचं बघून, तुमची बोलणी ऐकून तर शिकली नसेल? म्हणून इथल्या छावणीतल्या म्हाताऱ्या हत्तिणीसमोर मी रोज पाणी पिते, झाकण ठेवते. माझा सहकारी मुद्दाम उघडं ठेवतो आणि मी तुमच्यासारखंच ओरडून त्याला बोलते. चाचणीच्या वेळी मात्र कडक नियम, आणि तो माझाच: कुणी हूं की चूं करायचं नाही. नाहीतर हत्तीण आपल्या मनानं करते की शाबासकीसाठी, ते कसं कळणार? आज कॅमेरा चालू होता, सगळे गप्प. तिनं झाकण काढलं, पाणी प्यायली आणि ठेवलं. चाचपून, सरकवून, अगदी तसंच.

हे पत्र पाठवू तरी कुठं? दुकानाच्या जागी आता मोबाइलवाला बसतो. म्हणून इथंच कबूल करते. आजची चाचणी बाद झाली, उद्या सगळं पुन्हा पहिल्यापासून. मीच ओरडले, आप्पा: "शाब्बास गं बाई!"