विहिरीकाठची अकरा माणसं

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची देवबागला! एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र, मधून एकच रस्ता. निवृत्त शिक्षक फ्रान्सिसकाकांनी जेवायला तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं वाढलं आणि मी लाज सोडून दोनदा मागून घेतलं. त्यांच्या दिवंगत भावाच्या, मेल्विनच्या, हातचं म्हणतात ते चित्र अस्सल आहे का आणि त्याची किंमत काय, एवढंच मला ठरवायचंय. शनिवारी माझ्या लेकीचा, अपेक्षाचा, सहावा वाढदिवस. शुक्रवारी कोल्हापूरला परततेच, असं तिला कबूल केलंय.

५ नोव्हेंबर
चित्र अस्सल आहे, आणि काय चित्र आहे! फळीसारखे सपाट चेहरे, जांभ्या चिऱ्याचा तांबडा, गढूळ निळा. चित्रातली गोष्ट पोर्तुगीज काळातली. शिपायांनी विहिरीत पाव टाकला, वाडीनं नकळत पाणी प्यायलं. नातेवाइकांनी बाटलेले म्हणून दारं लावून घेतली. काही जण चर्चमध्ये गेले, काही प्रायश्चित्त घेऊन परतले. अकरा जण कुठलेच राहिले नाहीत. ते विहिरीपाशीच थांबले. ती विहीर काकांच्याच अंगणात आहे.

चित्रावर मेणबत्त्यांची काजळी बसली होती. ती काढायला थुंकीसारखं औषध नाही. काडीला कापूस गुंडाळायचा, तोंडात ओला करायचा, रंगावरून फिरवून टाकून द्यायचा. दर वेळी नवा बोळा, हा नियम. पण कापूस संपत आला होता आणि मी आळशी. तोच बोळा दोनदा तोंडात घातला. जिभेवर ओल्या पावाची चव आली.

काका दारात उभे होते. म्हणाले, "तेंचा उष्टा तू तोंडात घातलंस गो. आता तुझी माणसा तुका घरात घेवची नाय."

मला हसू आलं.

६ नोव्हेंबर
चहाला पावाची चव. पाण्यालाही. मला परवा इथं सोडणाऱ्या रिक्षावाल्या दत्तारामनं आज विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात? तो विसरभोळा असेल. पण सिद्धेश? लग्नाला नऊ वर्षं झाली आणि नवरा फोनवर म्हणतो, कोण बोलतंय? मी चिडले, चार शब्द सुनावले. त्यानं शांतपणे फोन ठेवला.

मला भीती वाटतेय.

७ नोव्हेंबर
एसटी थांबली नाही. हात दाखवला, ड्रायव्हरनं बघितलं, तरी नाही. बॅग घेऊन चालत निघाले. दोन तास. समुद्र डावीकडेच होता, वळले कुठेच नाही — आणि समोर काकांचंच फाटक.

काकांनी दार उघडलं नाही. आतून विचारलं, कोण? नाव सांगितलं. पुन्हा विचारलं, कोण?

अंगणात विहीर. काठावर माणसं.

८ नोव्हेंबर
अकरा. मोजली. बोलत नाहीत. पाणी देतात — मी घेत नाही.

वाढदिवस आज. फोन लावला. अपेक्षानंच उचलला. मी म्हटलं, आई बोलतेय गं. ती जराही घाबरली नाही. शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "आमच्याकडे आई नाहीये."

मागे सिद्धेशचा आवाज. केक कापायला बोलावत होता.

त्या अकरांतल्या बायांनी सरकून जागा केलीय. मी बसणार नाही. अपेक्षाच्या डाव्या कानामागे तीळ आहे — झोपताना माझा पदर मुठीत — हे कोणाला माहीत असणार — मी तिची