तेरा वॅट की अठरा वॅट

अर्जुनी मोरगाव
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय अल्कास सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन असताना भाऊ पत्र कशाला लिहितो, म्हणून हसशील. कारण पुढे येईल.

तुझ्या नेमणुकीचा आदेश काल पुन्हा वाचला. संघदीप गेल्यावर त्याची पत्नी म्हणून तुला अनुकंपेवर मिळालेली कारकुनाची जागा, आणि दोन वर्षांत मराठी टंकलेखनाचा तीस शब्दांचा दाखला. तो नसेल तर सेवा समाप्त. मुदत पुढच्या ३० जूनला संपते. एक परीक्षा गेली, एप्रिलची एकच उरली. ऑफिसातल्या एकुलत्या कम्प्युटरवर तुला कोणी बसू देत नाही, तेव्हा घरी यंत्र हवंच.

म्हणून वाचनालयाला सुट्टी टाकून गोंदियाला वीरेंद्रच्या दुकानात गेलो. तो जुने कम्प्युटर विकतो. त्याने दोन लहान डबे पुढे ठेवले, दोन्ही तेरा-चौदा वर्षांचे, कमी विजेवर चालणारे. एकात अ‍ॅटम डी५२५ हा प्रोसेसर, म्हणजे डब्याचा मेंदू म्हण, दुसऱ्यात ई-३५०. अ‍ॅटमचा वेग १.८ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा १.६. अ‍ॅटम तेरा वॅटचा, दुसरा अठरा. वर अ‍ॅटम सहाशे रुपयांनी स्वस्त. कागदावर सगळं त्याच्याच बाजूचं. पण नेटवर काही जण लिहितात की हाताळायला ई-३५० चपळ. वीरेंद्रला विचारलं तर म्हणतो, भाईसाहब, दोनों बुड्ढे हैं, जिसका हाथ पकड़ना है पकड़ लो. मला असं सोपं करता येत नाही. घड्याळ आणि वीज मोजायचं मीटर घेऊन परत जाणार आहे.

डबा आला की तू महिन्यातून एक-दोन पत्रं मला टंकायची आणि स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून धाडायची. सराव होईल. मी लाल पेनानं चुका दाखवून उत्तरं देईन, म्हणून सुरुवात मीच केली.

आई बरी आहे. माझ्यावरची माया आहे तशी ठेव.
तुझा, रत्नपाल


सौंदड
२३ सप्टेंबर २०२४

ति. भाऊस सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. मोनालीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मामाच्या मेंदूवाल्या ओळीला खूप हसली. तू पोरी पाहायला जात होता तेव्हाही असाच तक्ता केला होता, दोन वर्षं. शेवटी वहिनीनंच तुला पसंत केलं म्हणून लग्न झालं.

माझं एकच सांगणं. इथं संध्याकाळी साडेपाचला लाइन जाते ते आठ वाजता येते, आणि मला तेवढाच वेळ असतो. यांनी सोलरच्या दिव्यासाठी बसवलेली बॅटरी अजून चांगली आहे. तिच्यावर जो चालेल तो आण. बाकी तुझं तू पाहा, मला त्यातलं काही समजत नाही.

भाऊ, खरं सांगते, भीती वाटून राहिली. नोकरी गेली तर मोनालीचं गोंदियाचं कॉलेज गेलं. तिला तसं बोलली नाही. आणि ऑफिसातलं ते खुर्ची-टेबल यांचंच आहे, ते सोडवत नाही.

वहिनीला आणि आईला जयभीम सांग. तुझी बहीण आहे, एवढं विसरू नको.
अल्का


अर्जुनी मोरगाव
७ ऑक्टोबर २०२४

प्रिय अल्कास सप्रेम जयभीम. वि. वि.

डबा पोचला असेल. मी अ‍ॅटम घेतला. का घेतला ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी प्रश्न पडला तर उत्तर कागदावर असेल.

तीन खेपा केल्या. सुरू व्हायला अ‍ॅटमला एक मिनिट बावन्न सेकंद, दुसऱ्याला दीड मिनिट. फाईल उघडायला नऊ सेकंद आणि सहा. मीटरवर अ‍ॅटमचा डबा चोवीस वॅट, दुसरा बत्तीस. तुझ्या बॅटरीवर अ‍ॅटम सरळ लागतो आणि अडीच तास चालतो. दुसऱ्याला मध्ये इन्व्हर्टर लागतो, तो दीड तासात बंद. रोजचा एक तास सराव जास्त, आणि मुदत थोडी. वीस-पंचवीस सेकंदांसाठी तो तास घालवणं मला पटेना. टंकूनही पाहिलं. मला दोनच बोटांनी येतं हे तुला ठाऊक आहे. दोन्हींवर अक्षर लगेच उमटलं, तेव्हा त्या रकान्यात ‘समान’ लिहिलं.

तरी वीरेंद्रच्या दुकानाची पायरी उतरताना वाटलंच, की मी बरोबर मोजलं, पण बरोबर तेच मोजलं का? चौथ्यांदा पायरी चढायची मात्र लाज वाटली.

लिहीत राहा. वाट पाहणारा,
रत्नपाल


सौंदड
१९ जानेवारी २०२५

ति. भाऊस सविनय जयभीम. वि. वि.

हे आठवं पत्र. विकलेल्या धानाचे चुकारे अजून आले नाहीत म्हणून गावात सगळे चिडले आहेत. मोनालीचा पेपर चांगला गेला. ऑफिसात माझ्याकडे आवक-जावकचं रजिस्टरच आहे, कम्प्युटर घनश्यामभाऊंकडे. माणूस चांगला आहे, पण साहेबांनी त्यांच्याशिवाय कोणाला हात लावू द्यायचा नाही म्हटलं आहे.

वेग पंचवीसच्या वर सरकत नाही. घाई केली की जोडाक्षर मागे राहते. मग मी थांबते, ते आलं की पुढे जाते. आता हाताला तशी सवयच झाली, त्यामुळे चुका होत नाहीत. तुझी लाल पेन आता सुकून जाईल. डबा चांगला चालतो, अडीच तास म्हणजे अडीच तास. तू सांगितलं तसंच.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. आठवण काढत राहा, इकडे उचकी लागली की बरं वाटते.
अल्का


अर्जुनी मोरगाव
२६ जानेवारी २०२५

प्रिय अल्कास सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र दोनदा तपासलं, एकही चूक सापडली नाही. वहीत आज तेवढंच लिहिलं. वेगाची काळजी करू नको. हात पक्का झाला की तो मागून येतो. थांबतेस ते बरोबरच करतेस.

इटियाडोह धरणाचं पाणी उन्हाळी धानाला सोडणार म्हणतात. आई रोज कॅलेंडरवर एप्रिल उलटून पाहते.

तुझ्यावर भरवसा असलेला,
रत्नपाल


सौंदड
२७ एप्रिल २०२५

ति. भाऊस सविनय जयभीम.

परीक्षा झाली. निकालाची वाट पाहू नको, मला ठाऊक आहे.

तिथलं यंत्र चांगलं होतं. त्याचीच गंमत झाली. कळ दाबायच्या आधीच अक्षर आल्यासारखं वाटे, आणि माझा हात मात्र जोडाक्षर आलं की थांबे. मी त्याला म्हणत होती की चल, आलं ते. तो ऐकेना. मग घाबरून पळवला, तर सगळं चुकलं, पुसत बसली. शेजारची पोरगी पाऊस पडावा तशी टंकत होती. वेळ संपला तेव्हा उताऱ्याचे अडतीस शब्द राहिले होते.

आईला इतक्यात सांगू नको. रागावू नको म्हणजे झालं.
अल्का


अर्जुनी मोरगाव
५ मे २०२५

प्रिय अल्कास सप्रेम जयभीम.

रागवायचा हक्क मला नाही, हे या पत्रात सांगायचं आहे.

शुक्रवारी तू ऑफिसात असताना सौंदडला येऊन गेलो. मोनाली घरी होती. तिला म्हटलं, जमेल तितकं भराभर टंक, चुका झाल्या तरी चालतील. ती टंकत गेली. मग तिची बोटं थांबली, आणि पडद्यावर अक्षरं येतच राहिली. मी खुर्चीवर बसलो होतो, तो उठलोच नाही. मोनालीनं पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गोंदियाला गेलो. तो ई-३५० अजून तिथेच होता, कोणी नेला नव्हता. वीरेंद्रनं लावून दिला. मोनालीची बोटं थांबली तिथेच अक्षरंही थांबली. दोष प्रोसेसरचाच की त्या डब्यातल्या आणखी कशाचा, ते मला सांगता येणार नाही. वीरेंद्रलाही येईना. पण ही दोन मिनिटांची परीक्षा मला सप्टेंबरात घेता आली असती. दोन बोटांनी टंकणाऱ्याला उशीर दिसत नाही, एवढं कळायला पदवी लागत नाही.

आणि तू जानेवारीत लिहिलंही होतंस. मी त्या पत्रात काना-मात्रा तपासत होतो. थांबतेस ते बरोबर करतेस, हे माझंच वाक्य आहे. तू मला थांबण्याबद्दल सांगत होतीस, मी तुला त्याची सवय लावली.

मुदतवाढीच्या अर्जाचा मसुदा सोबत आहे. आशा नाही. तरी दे.

रत्नपाल


सौंदड
१ जुलै २०२५

ति. भाऊस सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून उत्तर द्यायचं राहिलं, त्याबद्दल माफी दे. निकाल नापासच आला. मुदतवाढीचा अर्जही नियमात बसत नाही म्हणून परत आला. पुढची परीक्षा मुदतीनंतर आहे.

तू सगळं आपल्या अंगावर घेऊन राहिला, म्हणून एक सांगते. डबा बोटांच्या मागे पडून राहिला हे मोनाली मला जानेवारीतच म्हणाली होती. मीच तिला गप्प केलं. मामा आपल्यासाठी तीनदा गोंदियाला गेला, आता त्याला नावं ठेवते काय, असं तिला बोलली. ती रडली होती. तेव्हा यात माझाही वाटा आहे, सगळा तू नेऊ नको.

मोनाली गोंदियाची खोली सोडून आली. पुढचं वर्ष बाहेरून करीन म्हणते. मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार?

काल साहेबांनी माझ्या कार्यमुक्तीचा आदेश टाइप करायला घनश्यामभाऊंना दिला. त्यांनी कागद समोर ठेवला. मग मला म्हणाले, “बाई, हे माझ्याच्यानं नाही होत.” ते उठून बाहेर गेले. साहेबांना पाच वाजता सही करून निघायचं होतं. म्हणून मी बसली. त्या कम्प्युटरवर पहिल्यांदाच. माझं नाव त्यात तीनदा आहे, यांचं एकदा, अनुकंपेच्या ओळीत. साहेबांनी वाचलं, काही दुरुस्ती नाही म्हणाले, सही केली.

जावक नोंदवल्याशिवाय आदेश देता येत नाही, आणि रजिस्टर माझ्याकडेच. नंबर टाकला, शिक्का मारला, आणि पोच म्हणून खाली माझीच सही केली. मग रजिस्टर कपाटात ठेवून किल्ली घनश्यामभाऊंच्या टेबलावर ठेवली.

आईला आता सांगायला हरकत नाही. तूच सांग. माझ्यावरचा जीव कमी करू नको.
तुझी, अल्का