तिसऱ्या सिलिंडरची तक्रार

ती. शिवलिंगप्पा मामांना राजेश्वरीचा शरणार्थ.

मामींचे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? मी इथं धाराशिवच्या धावपट्टीवर खुशाल आहे (जेवण जात नाही, पण तपासणीत काही निघालं नाही). फोनच केला असता, पण तुमचा फोन ट्रॅक्टरच्या गॅरेजात स्पीकरवर असतो आणि माझी खुशाली अख्खं सास्तूर ऐकतं.

लिहिण्यास विशेष कारण नाही. तुमचे साडू, म्हणजे आमच्या विमान शिकवायच्या शाळेचे मालक महांतप्पा काका, यांनी शाळेच्या विमानात इंजिन मॉनिटर बसवला, ही आनंदाची बातमी कळवावी म्हटलं. इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर किती तापला हे तो आकड्यांत दाखवतो. कोणता घ्यावा यासाठी मी पंधरा दिवस खपून तीन मॉनिटरांचा तुलनात्मक तक्ता केला. काकांनी तक्ता मन लावून पाहिला, उलटा केला, त्यावर भजी ठेवली आणि ज्याचा पडदा सर्वांत मोठा तो मॉनिटर पसंत केला. (नशिबानं तोच मंजुरीच्या यादीत होता. हे मी पाच वेळा तपासलं.)

बसवण्याआधी त्याला तुळजापूरला दर्शनाला नेलं. मॉनिटर खणात गुंडाळून गेला आणि मळवट भरून परत आला. मागच्या पिनांमधलं कुंकू बारीक ब्रशनं काढण्यात माझी अख्खी दुपार गेली. प्रत्येक पिनेला मनातल्या मनात देवीची माफी मागितली, त्यामुळं वेळ जास्त लागला. मग तारा जोडायला काकांनी गुरुलिंगला बोलावलं. तो लग्नाच्या मांडवात दिवे लावतो. तारा पिळून चिकटपट्टी गुंडाळायची, ही त्याची पद्धत. 'मांडवात आजवर एकबी विमान पडलं न्हाय,' असं तो म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि तारा स्वतः जोडल्या.

आता आनंदाच्या बातमीतला थोडा भाग उरला. तापमान दाखवणाऱ्या जुन्या काट्याची तार फक्त पहिल्या सिलिंडरला होती, आणि वाऱ्याचा झोत नेमका त्याच्यावर. म्हणजे गावात पाणी येतं का, हे रोज सरपंचाच्याच घरी विचारायचं आणि वहीत 'मुबलक' असं लिहायचं, तसं नऊ वर्षं चाललं होतं. नव्या मॉनिटरनं चारही घरी विचारलं. विमान वर चढताना तिघांचा आकडा दोनशे अंशांच्या आसपास राहिला आणि तिसरा दोनशे पासष्टवर गेला. मर्यादा दोनशे साठची आहे. पडदा लाल झाला.

मला वाटलं, माझीच जोडणी चुकली (माझं पहिलं मत नेहमी हेच असतं). दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या तारेची अदलाबदल करून पाहिली. तरी तिसराच तापला. म्हणजे यंत्र खरं बोलतंय. काकांनी विमान उतरल्यावर निवांत चहा घेतला, मग येऊन तिसऱ्या सिलिंडरवर तळहात ठेवला आणि म्हणाले, 'लई गार हाय की गं!' मग म्हणाले, 'यंत्र आणलं आन् रोग आला. तिसऱ्याची तार बी पहिल्यालाच जोड. दोघं मिळून गार राहतील.'

मी मॅन्युअलचं पान उघडून दाखवलं. त्यांनी भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं माझं लायसन्स फ्रेम करून लावलंय. पाहुणे आले की 'आमच्याकडं पोरगी इंजिनियर हाय' म्हणून दाखवतात, आणि मग पोरगी चहा ठेवायला जाते. पण मामा, विमानाच्या वहीत 'उडण्यास योग्य' असं लिहून मी सही केल्याशिवाय ते विमान हलत नाही. आमच्या घरात आजवर सगळ्यांचे अंगठेच उठले. सही करणारी मी पहिली. ती इतकी वळणदार काढायला शिकले, ती काय 'सिलिंडर गार' असं खोटं लिहून त्याच्या खाली करायला?

रविवारी मॉनिटरचं उद्घाटन आहे. पहिल्या फेऱ्यांत तुम्हाला आणि मामींना एकामागून एक बसवून सास्तूरवरून फिरवणार, असं काकांनी परस्पर ठरवलंय. नव्या गावठाणातल्या सरळ गल्ल्या वरून वहीच्या रेघांसारख्या दिसतात, हे खरं आहे.

मामींना नमस्कार. म्हशीला जपा.

तुमची भाची,
राजेश्वरी

ता. क. विमानात बसू नका. मामींनाही बसू देऊ नका. गुडघ्यांचं कारण सांगा.

ता. क. २. जमलं तर काकांना फोन करून सांगा की तिसरा सिलिंडर खोला. तुम्ही ट्रॅक्टर नुसता फाटकातून आत येताना ऐकून रोग सांगता, यावर त्यांची श्रद्धा आहे. माझं नाव घेऊ नका, म्हणजे पटेल.

ता. क. ३. वर मी अजून विचारात आहे असं वाटेल, पण वहीत आज सकाळीच लिहून टाकलं : 'तिसरा सिलिंडर मर्यादेबाहेर. उडण्यास अयोग्य.' खाली सही, पूर्ण नाव, तारीख. काकांनी अजून वही उघडलेली नाही. तेव्हा रविवारी मोटारसायकल आणू नका, जीप आणा. माझी ट्रंक मोठी आहे. आणि गॅरेजात भिंतीवर एका फ्रेमपुरती जागा करून ठेवा. चहा मी ठेवणार नाही.